एक खुराक

वीरभद्र : …आणि मग मृदंग वाजायला लागला, बुवा. तिथून पुढं मला घाईच राहिली न्हाई कशाची.

भुजंगबुवा : मृदंग? कुठं वाजायलता?

वीरभद्र : आखाड्यात. मातीच्या खालून. लिंबाजीनं माझ्या मानंवर हात टाकला ना, तो हात असा आला… हळूऽ… तळ्यातलं पान वाऱ्यानं काठाला लागतं तसा. मी मनात म्हणलं, ये बाबा, बस.

नागुबाई : ऐका बुवा, ऐका! सगळं वालूर गाव टोप्या उडवायलतं, ओरडून ओरडून माझा घसा बसला, अन् हे लेकरू तिथं लिंबाजीला बसायला पाट मांडायलतं!

भुजंगबुवा : आत्याबाई, तो पंखा जरा बेतानं. भाच्याला वारा अन् माझ्या डोळ्यात धूळ.

नागुबाई : घालू द्या हो वारा. आईमाघारी मीच वाढविलाय त्याला. आज नरसिंहाच्या जत्रंत शेवटची कुस्ती मारली त्यानं. चिंचंखाली घटकाभर निजला तर निजू द्या राजासारखा.

भुजंगबुवा : निजू द्या की. मी फकस्त सांजंचं सांगायला आलतो. वीरभद्रा, ऐकायलास ना? दिवेलागणीला, कीर्तनाच्या आधी, तुला देवाच्या उंबऱ्यावर उभं करतील. आखाड्यातली चिमूटभर माती जिभंवर ठेवायची अन् म्हणायचं, 'दूध माझं, माती देवाची.' एवढंच. मग जत्रा भरविणारे आबासाहेब तुझ्या हातात चांदीचं कडं घालतील. ह्या आखाड्याची रीत हाय ती. तेवढं बोलल्याबिगर कडं कुणाला मिळत न्हाई.

वीरभद्र : दूध माझं… माती देवाची. किती मऊ हाय बोलायला.

भुजंगबुवा : मऊ हाय, पण वजनदार हाय. म्हणजे, जे बळ लावलं ते माझ्या घरच्या खुराकाचं अन् माझ्या घामाचं, यश त्याचं. कुणाचा मंतर न्हाई, ताईत न्हाई, आडून काही केलेलं न्हाई.

नागुबाई : आमाला काय शिकवायलाव ते! दावणीला म्हशी हायत माझ्या. दूध त्याचं न्हाई तर कुणाचं?

वीरभद्र : आत्या, मला सांगू दे ना गं आधी. बुवा, मृदंगावर तुमचा आवाज होता. रातच्या कीर्तनात प्रल्हादाला डोंगरावरून लोटलं तवा तुमी मधीच थांबलाव… कुणी खोकलं सुद्दा न्हाई, आठवतं? तसेच थांबलाव. अन् त्या थांबण्यात मी लिंबाजीला उचलला. वजनच न्हाई! वर उन्हात धरला त्याला, अन् वाटलं, हे हात माझे न्हाईत. गळ्यातलं लिंग छातीला ऊन ऊन लागायलतं. मी म्हणलं, आला. शिव म्हणा, नरसिंह म्हणा; आला तो. मला लय रडू आलं बुवा. लिंबाजीला खाली टाकावंसंच वाटंना.

नागुबाई : म्हणून तर पंच कोकलायलते, 'आरं टाक की, पाळण्यात घातलास का त्याला!'

वीरभद्र : पाळणाच होता तो. दोघं बी पाळण्यात होतो आमी.

भुजंगबुवा : वीरभद्रा, एक सांगू का? रागावू नको. रातच्याला मृदंगाची पुडी फाटली. पहाटंच बैलगाडीत घालून तो मानवतला धाडलाय. आज सकाळपासून ह्या देवळात मृदंग न्हाई.

नागुबाई : मग देवानंच वाजविला! बुवा असून तुमाला एवढं बी कळंना?

भुजंगबुवा : वाजविला असंल. न्हाई म्हणणारा मी कोण? पण हा मघापासून गूळच चघळायलाय. डोळे तर असे, रंगपंचमी खेळून आल्यासारखे. जीभ दाखव बरं. बघा, वाळून कडक झालीय. आत्याबाई, सकाळी काय दिलंत ह्याला?

नागुबाई : द्यायचं काय? नेहमीचा खुराक. बदाम रातच्याला भिजू घातले, पहाटं पाट्यावर वाटले. खारीक, खसखस, खडीसाखर, वरून तूप. अन् आज हकीमसाहेबाचा बी खुराक.

भुजंगबुवा : कोण हकीमसाहेब?

नागुबाई : परभणीचे. ह्याचा गुडघा लचकलता ना, पाय टेकवंना. मी आपली दाखवायला घिऊन गेले. लय भला माणूस. मला अम्मा म्हणला, बसायला सतरंजी दिली. पण बोलणं सगळं पुस्तकातलं. त्यातलं एक मला उमगलं. 'अम्मा, दर्द हो तो रात को एक खुराक देना।' मी म्हणलं, बघा, एवढा शिकलेला माणूस, पण खुराक म्हणतो! तालमीतला दिसतो.

भुजंगबुवा : अन् तुमी किती दिला?

नागुबाई : म्हणला तेवढाच. एक.

भुजंगबुवा : एक म्हणजे केवढा?

नागुबाई : एक खुराक! बरणी पालथी केली दुधाच्या तांब्यात. पैलवानाला का चिमटीनं वाढतेत? रातच्याला दिला न्हाई; म्हणलं, खाऊन घोरंल अन् वाया जाईल. त्यापरीस कुस्तीच्या सकाळी द्यावा, अंगी लागंल.

भुजंगबुवा : अरे देवा, नरहरी! आत्याबाई, हकीमाचा एक खुराक म्हणजे एक मात्रा! हरभऱ्याच्या दाण्याएवढी! माझ्या खोकल्याला बी दिलता त्यांनी खुराक. तो मी घरी येईस्तोवर बोटावरच वाळला, एवढासा. कसा होता बरणीतला? काळपट हिरवा? चिकट?

नागुबाई : व्हय. वर चांदीचा वरख. वास तर असा केशराचा, वाटलं आपण बी चाटावा.

भुजंगबुवा : माजूम हाय ती. भांग असती तिच्यात, थोडी अफू असती. ठणका लागू नये म्हणून देतेत, निजताना.

नागुबाई : अगं बया बया… मी भांग पाजली लेकराला? बुवा, ह्याच्या जिवाला तर…?

भुजंगबुवा : तसं न्हाई व्हायचं. तूप अन् दूध पोटात हाय, सकाळपासून वेळ बी गेला. ताक पाजा त्याला, डोक्यावर पाणी मारा, अन् बोलता ठेवा. मी हितंच बसतो.

वीरभद्र : बुवा.

भुजंगबुवा : बोल बाळा.

वीरभद्र : म्हणजे तो आला न्हाई?

नागुबाई : कोण रे?

वीरभद्र : तू पंखा थांबव आत्या. बुवा, खरं सांगा. ते हात, तो मृदंग, ते रडू… ते सगळं बरणीतलं होतं?

नागुबाई : हळू बोल! पलीकडं वालूरची माणसं हायत. बुवा, तुमच्या पाया पडते, हे आपल्या तिघांतच राहू द्या. आबासाहेबांनी पोलिसाच्या अमीनसाहेबाकडं खेटे घालून कुस्त्यांच्या दंगलीची इजाजत आणली. उद्या नशापाण्याचं निघालं तर पुढल्या साली कुस्त्या बंद. अन् माझं नाव? बायका पाणवठ्यावर म्हणतील, नागीनं भाच्याला भांग पाजली अन् कडं मिरवत आणलं.

भुजंगबुवा : चूक तुमची न्हाई. शब्द तोच, घर निराळं.

नागुबाई : मग झालं तर! सांजंला ह्यानं म्हणावं, 'दूध माझं.' खोटं काय त्यात? दुधातच कालवून दिली मी. दूध आपलं, म्हैस आपली, तांब्या सुद्दा आपला.

भुजंगबुवा : वकील व्हायच्या लायकीच्या हाव तुमी.

नागुबाई : थट्टा करू नका. मी विचारते त्याचा जबाब द्या. खसखस चालती का पैलवानाला?

भुजंगबुवा : चालती.

नागुबाई : अफू?

भुजंगबुवा : न्हाई.

नागुबाई : अन् दोन्ही एकाच बोंडातली ना? बोंड हिरवं असताना चिरलं तर पाप, वाळल्यावर फोडलं तर खुराक? कुणी ठरविलं हे? अन् तुमी! कीर्तनाला उभं राहायच्या आधी ज्येष्ठमध चघळता, मिऱ्याचं कोमट दूध पिता. मी स्वतः दिलंय करून. मग लोकं डोलतेत ते तुमच्या गळ्याला का माझ्या मिऱ्याला?

भुजंगबुवा : हे मला बी पुष्कळदा वाटलंय आत्याबाई. आवाज चांगला लागला की मनात येतं, आज देवाची कृपा झाली. मग आठवतं, दुपारी चांगली झोप झालती.

नागुबाई : बघा!

भुजंगबुवा : बघतोय. अन् आपण बसलो कुणाच्या दारात? ह्या देवानं तर घरात मारलं न्हाई, बाहेर मारलं न्हाई, दिवसा न्हाई, राती न्हाई. मधीच, उंबऱ्यावर. त्याच्यापुढं बदामापाशी रेघ ओढू का बरणीपाशी, हे मला सांगता येत न्हाई. खरंच येत न्हाई. मला एवढंच कळतं, जे लिंबाजीला तोंडावर सांगता येतंय ते अलीकडलं. जे सांगताना जीभ अडती, ते पलीकडलं.

वीरभद्र : लिंबाजी कुठं हाय?

नागुबाई : तुला काय करायचं लिंबाजीचं?

भुजंगबुवा : विहिरीच्या पल्याड, गाड्या सोडल्यात तिथं. येलदरीकडं जायची गाडी सांजंशिवाय निघत न्हाई.

वीरभद्र : बुवा, मी आत्ता गेलो तर सांगता येईल मला. अजून भ्या वाटंना कशाचं. ही उतरली की जीभ अडंल.

नागुबाई : म्हणजे माजूमीच्याच जोरावर खरं बोलणार! हे चालतं का बुवा?

भुजंगबुवा : तुमी मला आज कीर्तनाला उभं राहू देणार न्हाई असं दिसतंय.

(वीरभद्र घोंगडी अंगावर घेऊन, एका पायानं जरा जपून चालत, गाड्यांकडे जातो. परत येतो तेव्हा चिंचेची सावली विहिरीच्या काठापर्यंत पोहोचलेली असते.)

नागुबाई : आलास? बस आधी. हे ताक पी. मारलं का त्यानं?

वीरभद्र : न्हाई गं. भाकरी खायलता. त्यातली अर्धी मला दिली.

भुजंगबुवा : सांगितलंस?

वीरभद्र : सगळं. मृदंगाचं बी सांगितलं. पाळण्याचं बी. तो घास हातात धरून बघतच राहिला माझ्याकडं. मग हसला. असा हसला बुवा, बैल उठून उभे राहिले. म्हणला, 'मी सकाळपासून हितं डोकं धरून बसलोय. म्हणलं, मी का एवढा हलका झालो? माझ्यात काय राहिलंच न्हाई का? उद्यापासून तालीम सोडून द्यावी म्हणायलतो.'

नागुबाई : बरं झालं मग, कळलं त्याला.

वीरभद्र : मी म्हणलं, कडं तुझं. आबासाहेबाला सांगू चल. तर तो म्हणला, 'कडं घिऊन काय करू? मी चीत झालो ते लोकांनी बघितलंय.' अन् म्हणला… आत्या, हे तुला लागंल.

नागुबाई : बोल. आज काय लागायचं राहिलंय?

वीरभद्र : म्हणला, 'माजूम तू आज खाल्लीस, बदाम जन्मल्यापासून खातोस. माजूमीचं सांगायला पळत आलास. बदामाचं कधी सांगायला आला न्हाईस.'

भुजंगबुवा : खरं बोलला.

नागुबाई : खरं कसलं? कष्टाचं हाय आमचं. त्याचे बदाम का मी हिसकून आणले?

वीरभद्र : ते बी म्हणलं मी. तो म्हणला, 'न्हाई रे, चोरी न्हाई म्हणत मी. आमच्या घरी दूध हाय, पण ते डेऱ्यात जातं अन् लोणी होऊन बाजाराला जातं. मला ताक राहतं. मी सांजंला उंबऱ्यावर उभा राहिलो असतो तर काय म्हणलो असतो? ताक माझं?'

भुजंगबुवा : नरहरी, नरहरी.

वीरभद्र : म्हणून मी त्याला म्हणलं, वालूरला ये. पावसाळा संपला की ये. माझ्या संगं राहा, माझ्याच तांब्यातलं पी, माझ्याच तालमीत घुम. मग पुढल्या जत्रंला दोघं उतरू.

नागुबाई : न विचारता बोलावलास? माळकरी हाय का तो? मासमच्छी खाऊन माझ्या घरात पाय टाकंल तर मी दोघांना बी गोठ्यात निजवीन. ऐकायलास?

वीरभद्र : गोठ्यातच निजू. दूध जवळ पडंल.

नागुबाई : बघा, बोलायला लागलं. उतरायली वाटतं.

भुजंगबुवा : अन् आबासाहेब?

वीरभद्र : दोघं मिळून गेलो त्यांच्याकडं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग लिंबाजीकडं बघून तिरपं तिरपं हसले. म्हणले, कडं देवापुढं ठेवू. कुणाला सांगायचं न सांगायचं ते म्हणले माझ्यावर. मी म्हणलं, उंबऱ्यावर मीच सांगतो. आत्याचं नाव घेत न्हाई. हकीमाचं औषध मला कळलं न्हाई, असं सांगतो.

नागुबाई : का? मला का वगळतोस? माझीच चूक अन् तुझं नाव? सांग सगळ्यांना, माझ्या आत्याला हकीमाची बोली कळली न्हाई. बायकांना हसायचं तर हसू दे. त्यांना कळती का?

वीरभद्र : आत्या…

नागुबाई : डोळे पूस. तांब्या संपव.

वीरभद्र : आत्या, बरणीत राहिलीय का थोडी?

नागुबाई : काय?

वीरभद्र : माजूम. बुडाला लागलेली असंल.

नागुबाई : असंल थोडी. चांगली बरणी हाय म्हणून पोतडीत ठेवली… तुला कशाला?

वीरभद्र : कडं गेलं, त्याचं मला काय बी वाटंना बुवा. खरंच न्हाई. पण ते… तुमाला कसं सांगू. मी एवढी वर्सं लिंगपूजा करतो. हातावर लिंग घिऊन बसतो, नजर ठरवतो. डोळ्यापुढं येतं काय? म्हशी, तालीम, आमच्या दुकानातलं गिऱ्हाईक. अन् आज आला. असा आला की कातडीच राहिली न्हाई मला. आता तुमी म्हणताव ती भांग. असंल भांग. पण ते खोटं होतं तर एवढं गोड कसं? थोडी खाऊन रातच्या कीर्तनात बसतो. आला तर कळंल ना तोच होता का.

भुजंगबुवा : काय कळंल?

वीरभद्र : की तो येतो.

भुजंगबुवा : माजूम खाल्ली की येतो, एवढं कळंल. ते तर तुला कळलंच हाय. मी खोटं म्हणत न्हाई रे त्याला. तू रडलास ते पाणी खारटच होतं ना? तुझंच होतं. लिंबाजीला खाली टाकावंसं वाटलं न्हाई तुला. तो तर तुझ्यावर चालून आलेला माणूस. हे बरणीत कुठून येणार? त्यातलं कुठलं तुझं, कुठलं हकीमाचं, ते मला निवडता येत न्हाई. पण कडं सोडलंस, ते बरं केलंस. ते रडू तुझ्याकडून कुणी परत मागितलेलं न्हाई.

नागुबाई : आण ती पोतडी हिकडं. विहिरीवर नेऊन धुते मी.

भुजंगबुवा : विहिरीवर नको बाई! सांजंला सगळी जत्रा मृदंग ऐकायला लागंल.

नागुबाई : मग ह्या चिंचंच्या बुडाला ओतते.

भुजंगबुवा : तिथं ओता. मला आधीच वाटायलतं, झाड लय अरसिक हाय.

वीरभद्र : दे, मीच ओततो… वास अजून येतो केशराचा… घे. झाली रिकामी.

नागुबाई : शाबास. लोणचं घालीन हिच्यात.

भुजंगबुवा : ती बघा गाडी. मानवतचीच दिसती. मृदंग आला. वीरभद्रा, आज माझ्या पाठीमागं उभा राहशील का? टाळकऱ्यांत.

वीरभद्र : मला टाळ येत न्हाई नीट.

भुजंगबुवा : हात मोठे हायत, आवाज तरी निघंल. धृपद धरायचं अन् मी थांबलो की थांबायचं. दुसरं काही न्हाई.

वीरभद्र : बिगर माजूमीचं? नुसतं ताकावर?

नागुबाई : ताकात जिरं हाय. आधी सांगून ठेवते. मागाहून म्हणाल, नागीनं काहीतरी घातलं.

वीरभद्र : अन् आला न्हाई तर बुवा?

भुजंगबुवा : तर पुन्हा धृपद धरायचं.

वीरभद्र : तुमी तर केस पांढरे होईस्तोवर उभे राहिलाव. तुमाला आला असंल. हजारदा आला असंल. कसं असतं ते? माझ्यासारखंच?

नागुबाई : सांगा की हो बुवा. लेकरू विचारायलंय.

भुजंगबुवा : अजून न्हाई आला. टाळ घे, चल. लोकं बसली असतील.